सतरा नंबरचा फोटो

फोटो कसे पाठवू नयेत याचं प्रदर्शन कधी भरलंच, तर उद्घाटनाला मी पोहण्याच्या क्लबाच्या सेक्रेटरीला बोलावीन. क्लबाला पन्नास वर्षं झाली, त्यावर बारा मिनिटांची फिल्म करायचं काम आमच्याकडे आलं, आणि फिल्ममध्ये घालायचे बेचाळीस जुने फोटो या गृहस्थानं फोनवरून धाडले. भिंतीवरच्या फ्रेमा, फ्रेमांच्या काचा, आणि काचांमध्ये स्वतः सेक्रेटरी, हातात फोन धरून. निदान नऊ फोटोंत तरी अध्यक्षांच्या पोटातून सेक्रेटरीचं डोकं उगवलेलं होतं.

मी फोन लावला. "साहेब, मूळ फोटो हवेत. फ्रेमांतून काढून द्या, मी स्कॅन करते."

"मॅडम, एकदम क्लिअर आहेत की! मी माझ्या फोनवर बघितले."

"तुमच्या फोनवर सगळंच क्लिअर दिसतं. फिल्म तुम्ही भिंतीवर दाखवणार आहात."

"मग तीनशे डीपीआय करून पाठवतो. माझ्या साडूला येतं ते."

तीनशे डीपीआय! जगातल्या प्रत्येक सेक्रेटरीनं हे कुठून तरी ऐकलेलं असतं आणि ते उच्चारलं की समोरचा गप्प बसतो असा त्यांचा समज असतो. ते छापखान्याचं माप आहे. कागदाच्या एका इंचात किती ठिपके छापायचे, एवढंच ते सांगतं. पडद्याला इंच कळत नाहीत. त्याला ठिपके मोजून लागतात, आडवे एकोणीसशे वीस आणि उभे एक हजार ऐंशी. फोटोच्या आत शिरायचं असेल, गर्दीतून सरकत एका चेहऱ्यापाशी जायचं असेल, तर त्याच्याही दुप्पट-तिप्पट. नसले तर असलेले ताणायचे, आणि ताणले की माणसाच्या तोंडाच्या फरश्या होतात. साडूनं फाइलीतला आकडा बदलून दिला. ठिपके होते तेवढेच राहिले, आडवे साडेसहाशे. हातरुमालाला 'चादर' अशी चिठ्ठी लावून पाठवावी, तसं.

आमचा स्टुडिओ म्हणजे चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत माझे धाकटे दीर एडिटिंग करतात, आतल्या खोलीत मी चित्रं तयार करते. नवरा कॅमेरा घेऊन दिवसभर बाहेर असतो, त्यामुळे आमचा संसार टिकून आहे. भावजी म्हणजे शांत माणूस. मान पुढे काढून पडद्यात बघत बसतात आणि मी कुणाला शिव्या घालत असले की खुर्ची किंचित पलीकडे फिरवून घेतात.

शिव्या घालण्यासारखं पुष्कळ असतं. क्लबाचं बोधचिन्ह मागितलं, तर पत्राच्या कागदावरून कापून पाठवलं, भोवतीच्या पांढऱ्या चौकोनासकट. निळ्या पाण्यावर ते ठेवलं की चिकटपट्टी लावल्यासारखं दिसे. माजी पदाधिकाऱ्यांची नावं पार कडेपर्यंत हवीत म्हणे, का तर एकाही आडनावाची दुसरी ओळ व्हायला नको. अहो, कडेचा भाग कितीतरी पडद्यांवर कापला जातो, म्हणून आम्ही अक्षरं आतच ठेवतो, हे मी चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी म्हटलं, ठीक आहे, कापली जातील ती नावं तुम्ही निवडून द्या. मग मुकाट्यानं आत घ्या म्हणाले. आणि फरश्या! तलावाच्या प्रत्येक फोटोत फरश्या, आणि फरश्यांच्या मध्ये केसासारख्या रेघा. असा फोटो पडद्यावर हलवला की त्या रेघा चुळबूळ करायला लागतात, सगळी जमीन मुंग्यांनी भरल्यासारखी. एकेक फोटो घेऊन त्या रेघा नेमक्या तेवढ्याच मऊ करायच्या, माणसं मात्र धारदार राहिली पाहिजेत. हे काम कुणाला दिसत नाही. नीट झालं तर मुळीच दिसत नाही.

खरे फोटो हातात येईपर्यंत भावजींचं काम थांबू नये, म्हणून मी डमी देते. सेक्रेटरीनं पाठवलेलाच फोटो पक्क्या फोटोच्या मापाला ताणायचा, त्यावर लाल जाड अक्षरांत काहीतरी लिहायचं, आणि द्यायचा. भावजी त्यावर सगळी हालचाल बसवून ठेवतात. मग मी पक्का फोटो 'पक्के' नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. नाव डमीचं जे असेल तेच, टिंबाचाही फरक नाही. मशीन नाव बघतं, डमी काढतं, पक्का बसवतं. नाव जुळलं नाही तर मशीन काही बोलत नाही. डमी तशीच राहते. हा नियम मी भावजींना शिकवला, नवऱ्याला शिकवला, दोन इंटर्न मुलींना तर रडवून शिकवला.

लाल अक्षरांत नुसतं 'डमी' लिहिलं तरी चालतं. पण मग मला मजा काय? एका डमीवर मी लिहिलं होतं, 'पोटातलं डोकं काढायचंय'. दुसरीवर, 'साडूची कलाकुसर'. भावजी वाचून खांदे हलवून हसायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

सतरा नंबरचा फोटो तलाव सुरू झाला त्या दिवसाचा होता. मध्ये पहिले अध्यक्ष काठावर उडीच्या तयारीत, मागे पन्नासेक माणसं, आणि डाव्या कोपऱ्यात काहीतरी उभं. खांब असेल, माणूस असेल, टांगलेला कोट असेल. ठिपक्यांत काही कळत नव्हतं. मी तिथं बाण काढला आणि लिहिलं, 'कोपऱ्यात हे ध्यान कोण? कापा!'

सेक्रेटरीनं अखेर फ्रेमा काढून दिल्या. बेचाळीसपैकी एकेचाळीस. सतरा नंबरची मधल्या काळात हॉलच्या रंगकामात हरवली होती.

"दुसरी प्रत कुणाकडे असेल?" मी विचारलं.

"आमच्या तलावाच्या जुन्या पंपवाल्याकडे असेल बहुतेक. पण त्याच्यासाठी कशाला एवढं, मॅडम? आहे तो वापरा की."

मी नंबर मागून घेतला आणि स्वतः फोन केला. क्लबाचा पन्नाशीचा कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सहाला होता. पंपवाले सकाळी साडेनऊला दारात हजर झाले, दोन जाड पुठ्ठ्यांत फोटो घालून, वरून दोरी बांधून. सत्तरीच्या पुढचे, बारीक, पायांत बूट आणि बुटांना नुकतंच पॉलिश. ते आत येताना मी माझा मॉनिटर पटकन बंद केला. त्यावर सतरा नंबरची डमी उघडी होती.

मी दोरीला हात घातला तर म्हणाले, "राहू द्या ताई, मी सोडतो. माझी गाठ दुसऱ्याला सुटत नाही."

फोटो बाहेर आला आणि मी चाटच पडले. वहीच्या पानाएवढा, घडी नाही, डाग नाही, आणि इतका स्वच्छ की पाठीमागच्या माणसांची बटणं मोजावीत. कोपऱ्यात खांब नव्हता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक तरणा माणूस होता, हातात लांब दांड्याची जाळी. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. हा एकटा पाण्याकडे.

"तुम्ही?"

"मीच. साहेब उडी मारणार आणि नेमकं पाण्यात एक पान पडलं. सगळं लक्ष माझं त्या पानाकडे." ते हसले. "चौतीस वर्षं काढली ताई तिथं. रोज पाणी बघायचं, औषध घालायचं, जाळी फिरवायची. फोटो किती निघाले असतील! माझा हा एकच. तोही चुकून."

मी त्यांना चहा दिला. बशीत न ओतता, फुंकर न घालता, अगदी बेतानं प्यायले, टेबलावर थेंब पडू नये म्हणून.

"फिल्ममध्ये हा घेणार?"

"घेणार."

"मग मी दिसेन?"

"दिसाल की."

"नाही, म्हणजे हिला सांगू का? तिला आणणार आहे मी. मेहुणीपण येते म्हणाली. सांगितलं आणि दिसलो नाही, तर उगाच तोंडघशी पडायला होतं."

"काका, बिनधास्त सांगा. सातव्या मिनिटाला बघा. आधी तुम्हीच दिसाल, मग बाकीचे. मी शब्द देते."

त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, जणू सातवं मिनिट आत्ताच चालू होतं. दाराशी जाऊन पुन्हा वळले. "नाव वगैरे नको हं. तिथं कुणाला माझं नाव माहीत नाही. 'ए पंप' अशीच हाक असायची. पण नुसतं दिसलो तरी खूप झालं."

मी बाहेरच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "भावजी, सतरामध्ये हालचाल बदला. त्या कोपऱ्यावर सुरुवात करा, अगदी जवळून. मग हळूहळू मागे येत सगळा फोटो दाखवा. नऊ सेकंद."

"नऊ? वहिनी, अध्यक्षांना पाच दिलीत आपण."

"अध्यक्षांनी कधी जाळी फिरवली होती?"

भावजींनी डमीवर नऊ सेकंद बसवले. मी फोटो स्कॅन केला, आडवे अठ्ठेचाळीसशे ठिपके. एक वाजेपर्यंत त्याच्यावर बसले, जेवायलाही उठले नाही. धूळ टिपली. पाण्यावरची उन्हाची भगभगीत पांढरी चमक दाबली. फरश्यांच्या रेघा मऊ केल्या. जाळीचे धागे मात्र एकेक करून जपले, कारण ते मऊ झाले असते तर हातात नुसती काठी राहिली असती. पाण्यावरचं ते पानसुद्धा सापडलं. माझ्या हातून इतकं चांगलं काम त्या वर्षात दुसरं झालं नव्हतं, हे मी आजही सांगते.

मग फाइल ठेवताना नाव द्यायची वेळ आली. डमीचं नाव होतं 'क्लब_१७'. मला वाटलं, चौतीस वर्षं 'ए पंप' ऐकलं या माणसानं, आता मीही त्याला सतरा नंबर म्हणू? पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं त्यांचं नाव लिहिलेलं होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ते सगळं मी फाइलीला दिलं. बरं वाटलं मला. माझ्यासारख्या बाईला एवढं बरं वाटलं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

दोन वाजता सेक्रेटरी आला, हल्लीच्या अध्यक्षांचा नवा फोटो घेऊन. जुन्यात ते जाड दिसतात म्हणे. नव्यात जाडच होते, फक्त कोट चांगला होता. त्यांच्या कोटाचा भडक लाल रंग मी उतरवला, नाहीतर पडद्यावर तो शेजारच्याच्या कानापर्यंत पसरला असता, आणि 'क्लब_३९' या नावानं तो पक्क्यात टाकला.

भावजींनी आतल्या दारातून विचारलं, "दोन्ही टाकलेत ना वहिनी? नावं तीच ना?"

"आता तुम्ही मला शिकवणार का, भावजी?"

त्यांनी खुर्ची किंचित पलीकडे फिरवली आणि एक्स्पोर्ट लावला. साडेचारला फिल्म निघाली. खाली सेक्रेटरीची गाडी चालू, वर सेक्रेटरी माझ्या पाठीशी. त्याला फक्त अध्यक्षांचा कोट बघायचा होता. तेवढा दाखवला. बाकीची फिल्म बघायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर गरजही वाटली नाही. चुका मी इतरांच्या शोधते.

क्लबाचा हॉल तलावाला लागूनच होता. औषधाचा वास, दीडशे खुर्च्या, समोर अख्खी भिंत पडद्यासाठी मोकळी. पंपवाले, त्यांची बायको आणि मेहुणी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली होती. मी जाऊन तिघांना उठवलं आणि दुसऱ्या रांगेत आणून बसवलं. सेक्रेटरीच्या कपाळाला आठी पडली. मी त्याच्याकडे बघितलं सुद्धा नाही.

"इथून नीट दिसेल," मी म्हटलं.

"या ताईंनी केलंय बरं का सगळं," ते बायकोला म्हणाले. बाईंनी माझा हात धरला आणि दाबला.

दिवे मालवले. फिल्म सुरू झाली. मी त्यांच्या मागच्याच रांगेत होते. ते पडद्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत होते. सहावं मिनिट संपताना त्यांनी बायकोच्या कोपराला स्पर्श केला.

आणि भिंतीवर फरश्या आल्या. मळकट, चौकोनी, भिंतभर ठिपके. मध्ये एक काळा डाग. डागाकडे जाणारा लाल बाण. आणि माणसाच्या उंचीची लाल अक्षरं, 'कोपऱ्यात हे ध्यान कोण? कापा!'

नऊ सेकंद. मीच मागून घेतलेले. पहिल्या दोन सेकंदांत मला वाटलं भलतीच फिल्म लागली. तिसऱ्याला सगळं कळलं, नाव, फाइल, फोल्डर, सगळं. उरलेले सहा मी तोंडावर हात धरून बसले. चित्र हळूहळू मागे येत होतं, अक्षरं हळूहळू लहान होत होती, एक एक करून सगळी माणसं दिसायला लागली होती. आधी तोच, मग बाकीचे. शब्द दिला होता तसंच.

कुठूनतरी हसू फुटलं. मग हॉल हसायला लागला. त्या हसण्यात पंपवाले उभे राहिले. प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांचं डोकं पडद्यावर आलं.

"मी आहे तो," ते मोठ्यानं म्हणाले. कुणीतरी प्रश्न विचारला आहे आणि त्याचं उत्तर द्यायचं आहे, तेवढ्याच साधेपणानं. मग जरा थांबून म्हणाले, "कापू नका."

हॉल टाळ्यांनी दणाणला. लोकांना वाटलं, ठरवून केलंय. वाटणारच! दीडशे माणसांत डोकं चालवणारा एक असेल तर शपथ. अध्यक्षांनी भाषणात त्या क्षणाचा खास उल्लेख केला. "आमचा जुना सेवक प्रत्यक्ष उभा करायची काय ही कल्पना!" सेक्रेटरी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, ते लाल अक्षरांचं फारच भारी! आधी सांगायचं तरी." आणि मी, जी सेक्रेटरीचं एक वाक्य धड पुरं होऊ देत नाही, ती मी 'थँक्यू' म्हणाले.

पंपवाले बाहेर काठावर उभे होते. बायको आणि मेहुणी थोड्या लांब. ते पाण्याकडे बघत होते. त्यांचा फोटो मी परत द्यायला आणला होता, त्याच पुठ्ठ्यांत. दोरी मला बांधता आली नव्हती, तिची नुसती गुंडाळी होती.

"काका," मी म्हटलं, "माझी चूक झाली. तुमचा फोटो खूप चांगला तयार केला होता मी. तो लागलाच नाही."

"असू द्या ताई. तुमचा काय दोष? तो सेक्रेटरी पहिल्यापासून तसाच. त्यानंच लिहिलं असणार."

गप्प राहिले असते तर चाललं असतं. सेक्रेटरीच्या माथी एवढ्या गोष्टी मारल्या होत्या, त्यात आणखी एक खपून गेली असती.

"नाही काका. ते मी लिहिलं होतं. तुम्ही यायच्या आधी."

ते माझ्याकडे वळले. "तुम्ही?"

त्यांनी पुठ्ठे उघडले, दिव्याखाली फोटो धरला आणि अंगठ्यानं डावा कोपरा चाचपून पाहिला. कापलेला नाही अशी खात्री झाल्यावर फोटो आत ठेवला आणि दोरी बांधायला लागले. बायको जवळ आली. तिनं मघाशी दाबलेल्या माझ्या हाताकडे पाहिलंही नाही. "चला," ती त्यांना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी फाइलीला 'क्लब_१७' हे नाव दिलं, भावजींनी पुन्हा एक्स्पोर्ट केला, या वेळी बारा मिनिटं डोळ्यांत तेल घालून मी सगळी फिल्म पाहिली. जाळीचे धागे दिसत होते. पान दिसत होतं. भावजी एवढंच म्हणाले, "नऊ सेकंद कमीच वाटतात, वहिनी."

मी सेक्रेटरीला फोन केला की दुरुस्त केलेली फिल्म पाठवते.

"छे छे, दुरुस्त कशाला? ती लाल अक्षरांचीच राहू द्या. आपण ती स्वागतकक्षातल्या टीव्हीवर लावलीय, सकाळपासून चालू आहे. येणारा जाणारा थांबून हसतो."

मी बरं म्हटलं. मग नवी फिल्म जुन्याच नावानं ठेवली, टिंबाचाही फरक न करता, आणि अध्यक्षांचा कोट आणखी खुलवलाय असं सांगून पाठवून दिली. त्यांच्या माणसानं ती टीव्हीच्या मशीनमध्ये टाकली. मशीननं नाव बघितलं, जुनी काढली, नवी बसवली. चार दिवसांनी सेक्रेटरीला शोध लागला.

"मॅडम, तो विनोद कुठं गेला हो?"

"कसला विनोद?" म्हणून मी फोन ठेवला, आणि लगेच पंपवाल्यांच्या घरी लावला. त्यांच्या बायकोनं उचलला. मी सांगितलं, आता खरा फोटो लागलाय, काका अगदी स्वच्छ दिसतात, क्लबात रोज चालू असतो, एकदा त्यांना घेऊन या.

पलीकडे तिनं रिसीव्हरवर हात ठेवून त्यांना विचारलेलं मला ऐकू आलं. उत्तर ऐकू आलं नाही.

"ते म्हणतात, पाहिला," ती म्हणाली. "सगळ्यांबरोबर पाहिला, तेवढं पुरे."